अस्वलांच्या मुलखात हँडगन: बाळगावी का आणि बाळगायची तर कशी

मे-जून महिन्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांचा ओघ सुरू होतो आणि त्यांच्या कार्यक्रमात यलोस्टोन किंवा ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान अनेकदा असते. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातील वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत, त्यांना बिबट्याच्या शेजाराची सवय असते. मात्र बिबट्या माणसाची चाहूल लागताच बहुधा बाजूला होतो, तर पिल्लांसोबत असलेली किंवा मेलेल्या जनावरावर ताव मारत असलेली ग्रिझली अस्वलाची मादी अचानक पुढ्यात आलेल्या माणसावर थेट चाल करून येऊ शकते. मग ‘तिकडे बंदूक सहज मिळते, एखादे रिव्हॉल्वर जवळ ठेवावे का’, असा प्रश्न निघतो. त्याचा विचार करताना सर्वांत आधी स्वतःचा व्हिसा पाहावा.

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असलेल्यांना आणि आणखी काही मोजक्या गटांना त्यातून सूट आहे. परंतु सहलीला गेलेल्या आई-वडिलांनी त्या वाटेला जाऊ नये, हे उत्तम. मुलगा ग्रीनकार्डधारक असेल आणि शस्त्र त्याच्या नावावर असेल, तरी ‘बाबा, जरा धरा’ म्हणून त्याने ते वडिलांच्या हाती देणेही दोघांना अडचणीत आणू शकते. ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना मात्र संबंधित राज्याच्या नियमांत राहून हँडगन (रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल) बाळगता येते. २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांतही राज्याच्या कायद्याप्रमाणे शस्त्र नेण्यास परवानगी आहे. पण उद्यानाच्या कार्यालयांत आणि माहिती केंद्रांत ते नेता येत नाही, आणि शस्त्र नेण्याची मुभा म्हणजे ते चालवण्याची मुभा नव्हे.

परवानगी असणाऱ्यांनीही ती कितपत उपयोगी पडते हे समजून घ्यावे. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अलास्कातील घटनांचा अभ्यास केला. २००८ च्या निबंधानुसार अस्वलांसाठीच्या मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे (ग्रिझली याच जातीचे) त्रासदायक वर्तन ९२ टक्के वेळा थांबले आणि अगदी जवळून गाठ पडली असता फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ च्या निबंधात हँडगनचे यश ८४ टक्के आणि लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के नोंदवले गेले. शिवाय बंदूक जवळ असून ती चालवणारे आणि न चालवणारे यांच्या जखमी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतील घटना एकसारख्या नव्हत्या, त्यामुळे या आकड्यांची थेट वजाबाकी करू नये. तरीही माझे मत स्पष्ट आहे: फवारा प्रत्येकाजवळ हवाच, आणि हँडगन फक्त त्यानेच बाळगावी ज्याचा तिच्यावर आधीपासून हात बसलेला आहे.

कारण साधे आहे. धावणारे ग्रिझली ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेग गाठते, म्हणजे तीस मीटरचे अंतर ते दोन सेकंदांत कापते. तेवढ्यात शस्त्र बाहेर काढायचे, नेम धरायचा आणि उसळत येणाऱ्या डोक्यावर किंवा खांद्यावर गोळी बसवायची असते. मुंबई परिसरातील क्लबांत दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव केलेल्यांना चाप सावकाश दाबण्याची शिस्त नक्कीच लागलेली असते, पण मॅग्नम, म्हणजे अधिक जोरकस, काडतुसाचा झटका आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांची कल्पना त्यावरून येत नाही. अलास्कात सामान्यतः .४४ मॅग्नमचे रिव्हॉल्वर किंवा १० मिलिमीटरचे पिस्तूल निवडतात आणि त्यात खोलवर शिरणारी, कठीण शिशाची, सपाट टोकाची गोळी वापरतात; आत शिरताच पसरणारी गोळी जाड स्नायू-हाडांपुढे अपुरी पडू शकते. ज्याला झटका झेपत नाही, त्याने मोठ्या काडतुसाचा मोह सोडून आपल्या हातात स्थिर राहणारे शस्त्र घ्यावे.

शस्त्र कोठे बांधावे, यावर बरेच अवलंबून असते. पाठपिशवीचा कमरपट्टा आवळला की कमरेचे होल्स्टर, म्हणजे शस्त्राची म्यान, त्याखाली दबते, म्हणून छातीवर तिरके बांधायचे होल्स्टर सोयीचे. पिशवीच्या आत ठेवलेली हँडगन प्रसंगी नसल्यातच जमा. पिशवी पाठीवर आणि रेनकोट अंगावर असताना गोळ्या न भरलेले शस्त्र बाहेर काढण्याचा सराव करावा. चाप झाकणारे कडक होल्स्टर वापरावे आणि तंबूत लहान मुले असतील तर शस्त्र कुठेही पडू देऊ नये.

आता फवारा. तो महिलांच्या पर्समध्ये असतो तसा छोटा पेपर स्प्रे नसतो. किमान २२५ ग्रॅमचा, अस्वलांसाठी म्हणूनच नोंदलेला डबा घ्यावा आणि त्यावरील मुदत तपासावी. तो कमरेला किंवा छातीला अडकवावा. अस्वल चाल करून आले की सेफ्टी क्लिप अंगठ्याने मागे ओढून काढावी, डबा किंचित खाली रोखावा आणि अस्वल साधारण नऊ मीटरवर असताना फवारा सोडून दोघांच्या मध्ये ढग तयार करावा. अस्वल त्या ढगातूनही पुढे आले तर पुन्हा थेट तोंडावर सोडावा. वारा आपल्या दिशेने असेल तर आपल्यालाही झळ बसेल, पण म्हणून थांबू नये. फवारा अंगाला किंवा तंबूला फासू नये, कारण वाळलेल्या अंशाच्या वासाने अस्वले उलट जवळ येऊ शकतात. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र हा फवारा नेण्यास बंदी आहे.

शस्त्र काढण्याची वेळ न येण्यासाठी चालताना बोलत राहावे, विशेषतः ओढ्याच्या आवाजात आणि आंधळ्या वळणांवर. अस्वलापासून निदान शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर, अंतर ठेवावे आणि पळू नये. ग्रिझलीने धरलेच तर पिशवी पाठीवर ठेवून पालथे पडावे आणि हात मानेमागे गुंफावेत. काळ्या अस्वलाशी मात्र प्रतिकार करावा. आपल्या मंडळींचे खाण्याचे डबे हा वेगळा विषय आहे: मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, लोणचे, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा तंबूत न ठेवता अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत किंवा बंद गाडीत ठेवावी. लसणाची चटणी आपल्यालाच दूरवरून ओळखू येते, अस्वलाचे नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

ग्लेशियरहून सीमेपलीकडे कॅनडाच्या वॉटरटन राष्ट्रीय उद्यानात जायचे ठरले तर हँडगन अमेरिकेतच ठेवावी लागते. अस्वलापासून संरक्षण हे कारण देऊन पर्यटकाला ती कॅनडात नेता येत नाही. अमेरिकेतील देशांतर्गत विमानात ती न भरलेल्या अवस्थेत, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर जाहीर करून फक्त चेक-इन सामानात जाते. फवारा मात्र हातातल्या किंवा चेक-इन, कोणत्याच सामानात चालत नाही, त्यामुळे तो उद्यानाजवळच्या दुकानातून घ्यावा, उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नये आणि निघताना तिथेच राहणाऱ्या मुलाकडे किंवा उद्यानाच्या संकलन पेटीत ठेवून यावा.