रात्री अडीच वाजता आम्ल सांडलं तर? कॅम्पसची तयारी

लॅबमध्ये रसायन सांडल्यावर कुणी काय करायचं, ती यादी रात्रपाळीच्या वॉचमनपासून सुरू करा, विभागप्रमुखांचं नाव नंतर लिहिता येईल. बाटली फुटली की तिथे आधी तोच पोचतो. त्याने काही पुसायचं नाही. माणसं बाहेर काढायची, दार ओढून घ्यायचं, वारा ज्या बाजूने येतो तिकडे उभं राहायचं आणि फोन लावायचा. कुणाला, ते त्याच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत हवं: पाळीवरचे सर किंवा मॅडम, त्यांनी उचलला नाही तर दुसरं नाव, आग किंवा वायू असेल तर थेट 101, कुणाला लागलं तर 108. पाळ्या लावताना दिवाळी आणि मे महिना आधी भरा. तिथेच सगळ्यांची लग्नकार्यं निघतात.

साहित्याची पेटी कॉरिडॉरमध्ये, विनाकुलूप. ती लॅबच्या आत ठेवण्याचा मोह फार जणांना होतो, आणि वायू तर आतच असतो. पेटीत कोरडी वाळू, खायचा सोडा, नायट्राइल हातमोजे, गॉगल, प्लास्टिकचं सुपडं, झाकणाची बादली. लाकडाचा भुसा नको, नायट्रिक आम्लावर तो पेट घेऊ शकतो. पाऱ्याला झाडू लावायचा नाही. थेंब ड्रॉपरने उचलायचे, उरलेल्यावर गंधकाची पूड. रक्त सांडलं तर 1 टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), पण ते आम्लाजवळ नेऊ नका, क्लोरीन सुटतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असाल तर भाजलेल्या जागी लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी हवीच. नसेल तर ती बाटली कॅम्पसवर नको.

डोळे 15 मिनिटं सलग धुवायचे असतात. रात्री पंप बंद असताना टाकीत तेवढं पाणी असतं का, हे नळ सोडूनच बघा.

नाशिकच्या थंडीची वेगळी नोंद करा. ग्लेशियल (म्हणजे जवळजवळ बिनपाण्याचं) ॲसिटिक आम्ल 16.6 अंशांना गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत बाटलीत दगड. मग कुणीतरी ती बर्नरवर धरतो! कोमट पाण्यात ठेवा, झाकण सैल करून.

पावसाळी गटारांच्या जाळ्या कुठे आहेत ते नकाशावर दाखवा आणि शेजारी वाळूच्या गोण्या ठेवा. ते पाणी नाल्यांतून गोदावरीत जातं. गोळा केलेला माल चिठ्ठी लावून अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्यांकडेच द्यायचा, घंटागाडीत नाही.

शेवटी सराव. मध्यरात्री, न सांगता, सुट्टीच्या दिवशी. पहिला फोन कोण उचलतो ते तेव्हा कळेल.