वारा पाठीशी घेऊन बसू नका: कायोटीच्या शिकारीत वासाच्या या चुका टाळा

कायोटी म्हणजे उत्तर अमेरिकेतला, कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला रानटी प्राणी. त्याच्या शिकारीला पहिल्यांदा निघालेला माणूस हमखास विचारतो, "वास मारायला कोणता स्प्रे चांगला?" अमेरिकेतल्या कुठल्याही शिकारीच्या दुकानात त्यासाठी अख्खा कप्पा भरलेला असतो. बिनवासाचे साबण, फवारे, कोळशाच्या अस्तराचे कपडे, कोल्ह्याच्या मुतापासून स्कंक या दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याच्या अर्कापर्यंतच्या छोट्या छोट्या बाटल्या. त्यातलं काहीही घेतलं नाही तरी चालेल. वारा ओळखता आला नाही, तर मात्र सगळा कप्पा घरी आणूनही उपयोग नाही.

टेक्सस, कॅन्सस, नेब्रास्का, वायोमिंग या भागांत राहणारे आपले काही जण हिवाळ्यात ओळखीच्या रँचवर (गुरं-मेंढ्या पाळायच्या मोठ्या शेतावर) जातात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मेंढ्या आणि कोकरं वन्य प्राण्यांकडून मारली जातात त्यात कायोटीचा वाटा सर्वात मोठा असतो, म्हणून रँचवाले सहसा आनंदाने परवानगी देतात. परवाना, हंगाम, रात्रीची शिकार यांचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे आहेत. ते आधी बघून घ्या. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, तेव्हा यातलं काहीही आपल्याकडच्या कोल्ह्या-लांडग्यांवर करून बघायचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडी किंवा मयूरेश्वरच्या माळावर कॅमेरा घेऊन बसणाऱ्याला वाऱ्याचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: "वास घालवता येतो" हा समज

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात. कुत्र्यांमध्ये जातीनुसार त्या 12 ते 30 कोटी सांगतात, आणि कायोटी त्याच कुळातला. त्यात आपल्या अंगावरून मृत त्वचेचे बारीक कण सतत झडत असतात, त्यांच्यावर जिवाणू असतात, घाम असतो, आणि दर श्वासाबरोबर तोंडातून वास बाहेर पडतच असतो. अंघोळ कितीही केली तरी दहा मिनिटांत पुन्हा सुरुवात. वास कमी होतो, संपत नाही. आणि कमी झालेला वासही त्या नाकाला पुरेसा असतो.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: माझा वास कुठे जातो आहे, आणि कायोटी तिथे पोचायच्या आधी मला दिसेल का?

कायोटीची एक खोड तुमच्या उपयोगाची आहे. शिकारी यंत्रावर वाजवतो ते सशाचं केकाटणं किंवा दुसऱ्या कायोटीची हाळी ऐकली की तो बहुधा सरळ आवाजावर चालून येत नाही. वळसा घालून आवाजाच्या पलीकडे, वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला येतो, म्हणजे तिथून नाकाने खात्री करून घेता येते. नवखा शिकारी नेमका इथे फसतो. वारा तोंडावर घेऊन बसायचं एवढं त्याला माहीत असतं, म्हणून तो समोर डोळे लावून बसतो आणि कायोटी पाठीमागून येऊन, वास घेऊन, निघून जातो. त्याला वाटतं, आज काही आलंच नाही.

समजा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आहे. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बसा, वारा डाव्या गालावर लागेल असे. आवाजाचं यंत्र तुमच्यापासून पन्नास-साठ मीटरवर उत्तरेला ठेवा. कायोटी उत्तरेकडून आला, की तो यंत्राच्या पूर्वेला वळसा घालील, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला, उघड्यावर. तुमचा स्वतःचा वास तुमच्यापासून पूर्वेला चुलीच्या धुरासारखा निघालेला असतो: सुरुवातीला अरुंद, पुढे पसरत जाणारा. कायोटीने त्या पट्ट्यात पाय टाकायच्या आत गोळी सुटली पाहिजे. म्हणून बसल्या बसल्या उजवीकडची एक खूण पक्की करा, कुंपणाचा एखादा खांब किंवा युक्काचं झुडूप. त्या खुणेपाशी तो आला की तोंडानेच एक "वुफ्" करायचं. बहुतेक वेळा तो क्षणभर थबकतो. तेवढ्यात स्वच्छ नेम घ्यायचा. खूण ओलांडून पळत्या जनावरावर घाईने झाडलेली गोळी त्याला जखमी करते आणि जखमी कायोटी कुठेतरी झुडपात जाऊन तडफडतो. ते होऊ द्यायचं नाही, मग शिकार हुकली तरी बेहत्तर.

दोघे असाल तर दुसऱ्याने छर्‍याची बंदूक घेऊन पूर्वेकडच्या बाजूला, पहिल्याला कळेल अशा ठिकाणी बसावं. कोण कुठे बसला आहे आणि कोणत्या दिशेला गोळी सोडायची नाही, हे गाडीतून उतरायच्या आधीच ठरवा.

वारा फक्त बसतानाच बघणं

वारा बदलतो. डोंगराळ भागात तर तासाभरात उलटा होतो. पहाटे थंड झालेली जड हवा उताराने खाली वाहते. ऊन चढलं, जमीन तापली की तीच हवा उताराने वर चढायला लागते. संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी कड्यावर बसून खोऱ्यात आवाज सोडला तर तुमचा वास आपोआप खोऱ्यात उतरतो. अशा वेळी उतारावर खालच्या अंगाला बसून वरच्या बाजूचं जनावर बोलवावं, आणि दहा-अकराच्या सुमारास हवा फिरताना तर जागाच बदलावी. सपाट माळावर हा त्रास कमी, पण ओढ्याकाठी आणि झाडांच्या रांगेजवळ हवा भोवऱ्यासारखी फिरते.

मोबाइलमधला हवामानाचा अंदाज इथे फसवतो, कारण तो मैलोगणती प्रदेशाचा असतो. तुमच्या बसायच्या झुडपाचा नसतो. पावडरची छोटी बाटली दाबून बघणं ठीक, पण पावडर चार-पाच मीटरवर दिसेनाशी होते. मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस सगळ्यात उत्तम. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. आपल्याकडे मुलं जिला म्हातारी म्हणतात तशाच त्याच्या म्हाताऱ्या उडतात. खिशात एक सुकी शेंग ठेवा. एक म्हातारी सोडा आणि नजर न हलवता तिच्याकडे बघत राहा. वीस मीटरवर ती सरळ जाते आहे, वर उचलली जाते आहे, की अचानक वळून तुमच्या पाठीमागे चालली आहे, हे स्पष्ट दिसतं. तुमचा वासही साधारण तसाच जातो.

ताशी आठ ते वीस किलोमीटरचा एकसारखा वारा मला सर्वात आवडतो. अगदीच वारा नसला तर शिकार सोपी होईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती अवघड होते: वास तुमच्याभोवती साचतो आणि कुठेही सरकतो. फार जोराचा वारा असला तर आवाज पोचत नाही, आणि कायोटीही ओहोळा-ओढ्यांत दबून राहतात.

गाडी, बूट आणि येण्याची वाट

बसण्याची जागा उत्तम निवडतात आणि तिथपर्यंत चालत येताना सगळ्या खोऱ्याला आपला वास देऊन येतात. गाडी टेकाडाआड लावा, दार आपटू नका, आणि ज्या भागातून कायोटी येईल असं वाटतं त्या भागातून चालू नका, चार पावलं जास्त पडली तरी. येताना वारा तोंडावर किंवा बाजूने असावा. सकाळी पेट्रोल भरताना पंपावर सांडलेल्या थेंबावर पाय पडतो आणि तो वास दिवसभर बुटाच्या तळाला राहतो; म्हणून शिकारीचे बूट डब्यात ठेवा आणि माळावर पोचल्यावर घाला. रबरी बूट चामड्यापेक्षा वास कमी धरतात. सिगारेट, न्याहरीचं तळण, गाडीत टांगलेलं सुगंधी झाड, हे सांगायला नकोच.

कपड्यांवर नको तितका भरवसा

बिनवासाच्या साबणाने कपडे धुऊन बाहेर वाळवणं योग्यच आहे. सुगंधी आणि चमक आणणारी साबणं टाळा. एवढं पुष्कळ झालं.

कोळशाच्या अस्तराचे महागडे कपडे काही काळ थोडा वास धरतात हे खरं. घरच्या ड्रायरमध्ये फिरवले की ते पुन्हा नव्यासारखे होतात, हे मात्र पटण्यासारखं नाही. कारखान्यात कोळसा पुरता ताजा करायला साधारण 700 ते 900 अंश सेल्सिअस लागतात. ड्रायर सत्तरच्या आसपास थांबतो. आणि तोंडातून निघणारा श्वास कोणता कोट अडवणार? ओझोनच्या यंत्राबाबत तर मी सरळ नको म्हणेन. ओझोन फुफ्फुसांना घातक आहे, बंद गाडीत किंवा तंबूत तो भरून राहतो, शिवाय रबर आणि इलॅस्टिक त्याने तडकतं.

बाटलीतले वास

कायोटीला स्वतःच्या ओळखीच्या परिसरातली नवी गोष्ट जास्त खटकते. अनोळखी भागात तो तितका बिचकत नाही, असं संशोधकांनीही पाहिलं आहे. म्हणून सेजब्रशच्या (सेज या उग्र वासाच्या झुडपांच्या) माळावर पाइनचा वास शिंपडणं म्हणजे ओरडून सांगणं, की इथे काहीतरी बदललं आहे. तिथलीच माती, तिथलाच सेज चुरगळून बाहीला लावा, तो निदान परका नसतो. स्कंकचा अर्क माणसाचा वास झाकतो असं म्हणतात. मला ते मान्य नाही. कुत्र्याच्या कुळातली नाकं एकावर एक चढलेले वास सुटे सुटे ओळखतात. शिवाय स्कंक घाबरला तरच फवारतो, तेव्हा तो वास काही "सगळं ठीक आहे" असं सांगणारा नाही.

कायोटीचं मूत वेगळं. ते झाकण्यासाठी नसून निरोप देण्यासाठी आहे: या हद्दीत कोणीतरी परका आला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत, जोड्या जमण्याच्या काळात, हद्दीचा मालक त्यावर ताबडतोब येतो. इतर वेळी तरुण, भटके कायोटी त्यानेच दूर राहतील. वापरायचं तर अंगावर कधीही घेऊ नका. यंत्राजवळच्या झुडपावर दोन थेंब टाका, म्हणजे नाक तिकडे वळेल आणि डोळे तुमच्याकडे नसतील.

हरणाचं मूत तर हातात घेण्याआधी कायदा बघा. हरणांमध्ये पसरणारा मेंदूचा असाध्य रोग अशा द्रव्यातून फैलावू शकतो, म्हणून व्हर्जिनियाने 2015 पासून नैसर्गिक हरीणमूत्र वापरायला बंदी केली आणि आणखी काही राज्यांतही बंधनं आहेत.

सापळे लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बाटलीतला वास जमिनीत खणलेल्या तिरक्या बिळात टाकायचा असतो आणि सापळा त्याच्यासमोर चाळलेल्या मातीखाली. एकाच हातमोज्याने दोन्ही कामं केली की वासाचा थेंब सापळ्याला लागतो, आणि कायोटी बिळाकडे न जाता सापळाच उकरून काढतो. कधी त्यावर लोळतोसुद्धा. सकाळी सापळा उलटा पडलेला आणि आजूबाजूची माती पसरलेली दिसली तर कायोटी हुशार होता म्हणून सोडून देऊ नका, तुमचा हातमोजा तपासा. दोन जोड ठेवा: एक सापळ्याचा, एक बाटलीचा. गुडघ्याखाली कापड घाला आणि ते उचलून न्या. कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोसारख्या राज्यांत सापळ्यांवर कडक बंधनं आहेत. जिथे परवानगी आहे तिथेही पहाटेच फेरी मारावी. जनावर तासन्‌तास अडकून पडणं योग्य नाही.

पळाला, पण कशामुळे?

हे ओळखता आलं तर पुढची चूक टळते. वास लागलेला कायोटी नाक वर करून एकदम थांबतो, जागच्या जागी वळतो आणि मागे न बघता सुटतो. हालचाल दिसलेला कायोटी तुमच्याकडे रोखून बघतो, बाजूला सरकतो, पुन्हा थांबून बघतो. पहिल्यात वाऱ्याची चूक, दुसऱ्यात तुमच्या बसण्याची. स्प्रे बदलून दुसरी सुधारत नाही, आणि अंगावर झुडूप बांधून पहिली.

बर्फ पडलेलं असेल तर वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर उठून लगेच गाडीकडे जाऊ नका. तुमचा वास जिकडे गेला त्या बाजूला दोनशे मीटर चालून बघा. ताजे ठसे वळसा घालत आलेले, एका जागी चारही पाय जवळ आलेले, आणि तिथून लांब लांब ढांगांनी परत गेलेले दिसले, की कळतं तो आला होता. त्या ठशांपाशी उभे राहून आपल्या बसण्याच्या जागेकडे बघा, मध्ये काय आडवं आलं ते लक्षात येईल. पुढच्या वेळी यंत्र तिथून हलवा किंवा तुम्ही शे-दीडशे मीटर त्या बाजूला सरका, पण दोन-तीन आठवडे तरी ती जागा मोकळी सोडा आणि परत जाल तेव्हा आवाजही दुसरा वाजवा.