सेट-टॉप बॉक्सची कोणती केबल चांगली, हे घरीच पडताळण्याची रीत

एचडी वाहिन्यांचे पैसे भरूनही चित्र धूसर दिसत असेल, तर टीव्हीला दोष देण्यापूर्वी मागची केबल पाहावी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची एव्ही केबल जोडलेली असल्यास एचडी चित्र टीव्हीपर्यंत पोहोचतच नाही, कारण पिवळ्या पिनेतून जास्तीत जास्त 576 ओळींचे साधे चित्र जाते.

1. बॉक्स व टीव्ही दोन्हींची बटणे बंद करून एव्ही केबल तशीच ठेवावी आणि शेजारी एचडीएमआय केबलही (एकाच चपट्या पिनेतून एचडी चित्र व आवाज दोन्ही नेणारी) जोडावी. अनेक बॉक्समधून दोन्ही वाटांनी एकाच वेळी चित्र मिळते.
2. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन (म्हणजे ओळींची संख्या) 1080 वर आणि आकार 16:9 वर ठेवावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग नवी केबलही निरुपयोगी वाटते.
3. एचडी वृत्तवाहिनी लावून रिमोटवरील ‘सोर्स’ बटणाने एव्ही व एचडीएमआय आलटून-पालटून पाहावे. चेहऱ्यांपेक्षा खाली सरकणाऱ्या बातम्यांच्या पट्टीतील अक्षरांच्या कडा आणि लाल रंगाचे पसरणे यांवर लक्ष ठेवल्यास फरक लगेच कळतो.

टीव्ही जुना असून त्यास एचडीएमआय नसेल, पण बॉक्स व टीव्ही दोन्हींवर हिरवी-निळी-लाल अशी कंपोनंट जोडणी असेल, तर तीही एचडी चित्र देते. मात्र आवाजासाठी लाल-पांढऱ्या पिना वेगळ्या जोडाव्या लागतात.

दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल पुढे करतो, ती घेऊ नये. दीड-दोन मीटरच्या अंतरात साधी, नीट बसणारी केबल तेच चित्र देते.