नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट व्हायचंय? मग आधी हातातला फॉर्म नीट बघा

सांगलीहून मला इथे अमेरिकेत अधूनमधून फोन येतात. मुलगी बारावी झालीय, तुझ्यासारखी 'भूल देणारी नर्स' व्हायचं म्हणते, अ‍ॅडमिशन कुठे घेऊ? बहुतेक वेळा हातात बीएस्सी अ‍ॅनेस्थेशिया टेक्नॉलॉजीचा फॉर्म असतो. कोर्स चांगलाच आहे, पण तो करून ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) टेक्निशियन होता येतं, नर्स होता येत नाही. आणि अमेरिकेत सीआरएनए, म्हणजे स्वतः भूल देणारी नर्स व्हायचं तर आधी रजिस्टर्ड नर्स असावंच लागतं. भारतात भूल देणं हे डॉक्टरांचं काम, तिथे हे पदच नाही. म्हणजे ही वाट अमेरिकेतली आहे हे घरच्यांशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

तेव्हा फॉर्म भरायचा तो बीएस्सी नर्सिंगचा. चार वर्षं. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला असेल तर पोस्ट बेसिक करून पदवी घ्या. केमिस्ट्री, फिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी नुसती पास होण्यापुरती करू नका. पुढे सीआरएनएच्या प्रवेशाच्या वेळी शास्त्र विषयांचे गुण वेगळे काढून बघतात.

कॉलेज सोडायच्या आधी अमेरिकेत लागणारे कागद हातात घ्या. नुसत्या मार्कशीट नव्हे, कुठल्या विषयाचे थिअरीचे किती तास आणि वॉर्डातले किती, हा तक्तासुद्धा. माझा तक्ता मिळायला अकरा महिने लागले. मी ओहायोत, आणि आई एसटीने कॉलेजच्या फेऱ्या मारतेय. दर वेळी "साहेब रजेवर आहेत". पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, त्यात दोन महिने आणखी गेले. नाव सगळीकडे एकच ठेवता आलं तर ठेवा.

मग एनसीएलईएक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स होण्यासाठीची परीक्षा. ती मुंबईतही देता येते. प्रश्न 85 ते 150, वेळ पाच तास. पास झालात तरी भारतीयांसाठी नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची रांग अनेक वर्षांची आहे, ती हिशेबात धरा.

आता ज्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. पुण्यात मी चार वर्षं आयसीयूत काढली होती. वाटलं, अनुभव तर झालाच आहे. पण सीआरएनएच्या शिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या कौन्सिल ऑन अ‍ॅक्रेडिटेशनचा नियम असा, की क्रिटिकल केअरचा (आयसीयूसारख्या ठिकाणचा) किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव अमेरिकेतलाच हवा (किंवा तिच्या लष्करी हॉस्पिटलातला). पुण्यातली चार वर्षं माझ्या हातात होती, अर्जात नव्हती. म्हणून इथे पहिली नोकरी घेतानाच आयसीयू मागा. "आधी वॉर्डात या, मग बघू" म्हणाले तर दुसरीकडे अर्ज करा. नियम एक वर्षाचा असला तरी दोन-तीन वर्षं काढूनच जा, आणि शक्यतो हृदय शस्त्रक्रियेनंतरचे पेशंट येतात त्या आयसीयूत.

का, तर एक रात्र सांगते. बायपास होऊन सहा तास झालेला पेशंट. बीपी उतरत होतं, मी नॉरअ‍ॅड (बीपी वाढवणारं औषध) वाढवत होते. दोनदा वाढवलं. सीनियर नर्स शेजारी येऊन उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "चेस्ट ट्यूब बघितलीस?" छातीतलं रक्त बाहेर काढणारी ती नळी. मघापर्यंत तासाला शंभर मिली येत होतं, ते एकदम बंद. सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, चढलेला. रक्त बाहेर यायचं थांबून हृदयाभोवती साठत होतं. सर्जनला बोलावलं, छाती पुन्हा उघडली, माणूस वाचला. त्या रात्रीपासून मी औषधाचा आकडा बदलण्याआधी स्वतःला "का?" विचारायला लागले. पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत मला जवळपास हाच प्रसंग घातला होता.

आयसीयूत असतानाच सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सची प्रमाणपत्र परीक्षा द्या. गेल्या दोन वर्षांत अत्यवस्थ पेशंटांजवळचे 1,750 तास लागतात, त्यातले 875 शेवटच्या वर्षातले. अर्जात या परीक्षेचं वजन पडतं. प्रत्येक विद्यापीठाच्या अटी वेगळ्या. कुणाला बायोकेमिस्ट्री हवी, कुणाला स्टॅटिस्टिक्स. चार-पाच ठिकाणच्या अटी एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, राहिलेले विषय नोकरी करता करता होतात.

2022 पासून सीआरएनएसाठी नव्याने प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला डॉक्टरेटच करावी लागते. साधारण तीन वर्षं, किमान 2,000 तास क्लिनिकल, आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. या काळात नोकरी होत नाही, खरंच होत नाही. आम्ही आधीची दोन वर्षं माझा अर्धा पगार बाजूला टाकला, गाडी जुनीच ठेवली, आणि मुलासाठी सासूबाई सहा महिने येऊन राहिल्या. हे अर्ज करायच्या आधी ठरवा.

आणि अर्जापूर्वी एखाद्या सीआरएनएबरोबर दिवसभर ओटीत उभ्या राहा. मी गेले तेव्हा त्यांनी मला पेशंटच्या उशाशी उभं केलं आणि म्हणाल्या, मॉनिटरकडे पाहू नकोस, ऐक. ऑक्सिजन उतरायला लागला की त्या टिकटिकीचा सूर खाली जातो. घरी येऊन त्या दिवसाच्या केसेस, दिलेली औषधं, आणि मला न कळलेलं सगळं वहीत लिहिलं. मुलाखतीच्या आदल्या रात्री मी तीच वही वाचली.