टाय रॉड एंड बदलताना आटे मोजा

घरी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा टोकाचा सांधा) बदलला की स्टिअरिंग हमखास वाकडं बसतं. त्यावर सोपा उपाय:

१. जुना एंड काढण्याआधी लॉक नट (एंडला दांड्यावर घट्ट धरणारा नट) जेमतेम पाव फेरा सैल करा आणि तिथेच राहू द्या. तीच तुमची खूण. शेजारच्या आट्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली तर उत्तमच, ग्रीसच्या हातांनी नट कधी सरकतो कळत नाही.

२. एंड फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजा, लिहून ठेवा.

३. नवा तितकेच फेरे बसवा.

एंड चाकाकडे जोडणाऱ्या नटातली स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुपाती पिन) मात्र नवीच घाला. पिनचं भोक जुळत नसेल तर हाच नट थोडा आणखी आवळा, सैल करू नका. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) तरीही करावंच लागतं. हा जुगाड फक्त गॅरेजपर्यंत नीट जाण्यापुरता.