डीव्ही टेपवरून केलेल्या डीव्हीडीत हालचाल थरथरत असेल तर

मिनी डीव्ही (छोट्या डिजिटल टेपवर चित्रण करणाऱ्या) कॅमेऱ्यावरील घरगुती चित्रणाची डीव्हीडी टीव्हीवर लावली की स्थिर दृश्य स्वच्छ दिसे, पण कोणी चालू लागले किंवा कॅमेरा वळला की प्रतिमा मागेपुढे थरथरत असे; संगणकावर मात्र हा दोष फारसा जाणवत नसे. बिटरेट (दर सेकंदाच्या चित्रणासाठी साठवायच्या माहितीचे प्रमाण) वाढवला, वेगळ्या डिस्क वापरल्या, बर्निंगचा (डिस्कवर लिहिण्याचा) वेग कमी केला, तरी फरक पडला नाही. घरच्या माणसांचे चित्रण असे पाहणे फार क्लेशदायक होते.

दोष फील्डच्या क्रमात होता. पाल या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे चित्रे, असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची बनते: एका फील्डात चित्राच्या एक सोडून एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या, आणि दोन्ही लागोपाठच्या क्षणांची. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते. डीव्हीडी बनवणाऱ्या प्रोग्रॅमची मूळ सेटिंग मात्र वरचे फील्ड आधी घेणारी होती, त्यामुळे नंतरचा क्षण आधी दिसत होता.

प्रथम प्रोजेक्ट पाल, 720 बाय 576 आणि मूळ चित्रणाप्रमाणे 4:3 ठेवला. मग आउटपुटमध्ये ‘लोअर फील्ड फर्स्ट’ निवडले. डीइंटरलेस (दोन फील्डांचे एकच सलग चित्र करणे) बंदच ठेवावे, कारण त्याने थरथर गेली तरी हालचालीचा सलगपणाही जातो. त्यानंतर आवाजासाठी डॉल्बी डिजिटल निवडून बिटरेट 6 एमबीपीएस (सेकंदाला 6 मेगाबिट) केला. दीड तासाचे चित्रण 4.7 जीबीच्या डिस्कवर या बिटरेटने नीट बसते. आधी डीव्हीडीसाठी तयार झालेली एमपीईजी फाइल काढून टाकून मूळ डीव्ही फाइलवरूनच पुन्हा एन्कोड (रूपांतर) केले, कारण काही प्रोग्रॅम जुनीच फाइल परस्पर वापरतात. शेवटी धावणाऱ्या मुलांचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर बर्न करून टीव्हीवरच तपासला आणि हालचाल सलग दिसल्यावर पूर्ण डिस्क बर्न केली.