एक्सेलमध्ये झिप कोडचं पहिलं शून्य टिकवा

दिवाळीचा फराळ अमेरिकेला पाठवायचा म्हणून पत्त्यांची यादी केली, की न्यू जर्सीतल्या एडिसनचा ०८८२० हा झिप कोड (म्हणजे तिथला पिन कोड) एक्सेलमध्ये ८८२० होऊन बसतो. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सचे सगळे कोड शून्यानेच सुरू होतात. आपला पिन कोड कधीच शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे ही चूक चटकन लक्षातही येत नाही.

१. कोड भरण्याआधी तो पूर्ण कॉलम निवडा.
२. होम टॅबवर जिथे 'जनरल' लिहिलेलं दिसतं, तिथे 'टेक्स्ट' निवडा. गूगल शीट्समध्ये फॉरमॅट, नंबर, प्लेन टेक्स्ट.
३. आता कोड टाइप करा.

एखाद-दुसराच पत्ता असेल तर कोडाआधी एकेरी अवतरणचिन्ह (') द्या; ते छापून येत नाही.

शून्य आधीच गेलं असेल तर नंतर 'टेक्स्ट' निवडून ते परत येत नाही. कॉलम निवडून कंट्रोल आणि १ दाबा, 'कस्टम'मध्ये पाच शून्यं लिहा.

मात्र यात शून्य फक्त दिसतं, सेलमध्ये ८८२०च राहतं. लेबलं मेल मर्जने (यादीतले पत्ते वर्डमध्ये आपोआप भरणाऱ्या सोयीने) छापणार असाल तर आधी एक नमुना छापून पाहाच.